पियानो, मे महिना आणि गोदाकाठ

नाशिककराला मे महिना म्हटला की आंब्याबरोबर वसंत व्याख्यानमालाही आठवते. उन्हं कलली की पावलं गोदाघाटावरच्या देवमामलेदार पटांगणाकडे वळतात. आमंत्रण लागत नाही. जागा मिळाली तर बसावं, नाही तर उभ्यानं ऐकावं. म्हणूनच लंडनच्या ‘प्रॉम्स’ या संगीत महोत्सवाविषयी मी प्रथम वाचलं, तेव्हा मला ते सारं ओळखीचंच वाटलं.

१८९५ साली क्वीन्स हॉलचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांनी हा उन्हाळी उपक्रम सुरू केला आणि वाद्यवृंदाची सूत्रं हेन्री वुड या तरुणाच्या हाती दिली. उभ्यानं ऐकणाऱ्याला तिकीट होतं एक शिलिंग! अभिजात संगीत सामान्य माणसाच्या कानापर्यंत पोचावं, हा हेतू. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल नष्ट झाला आणि महोत्सव रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेला. आजही जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो तिथं भरतो आणि आजही रंगमंचासमोर, स्वस्त तिकिटात, रसिक तासन्‌तास उभे असतात. त्यांची आवडती गोष्ट म्हणजे पियानो कन्चेर्टो.

कन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि समोर अख्खा वाद्यवृंद यांचा संवाद. बहुधा तीन भाग असतात: पहिला वेगवान, दुसरा संथ, तिसरा पुन्हा चपळ. मोझार्टच्या नावावर असे सत्तावीस पियानो कन्चेर्टो मोजले जातात, बेथोव्हननं पाच लिहिले. आपल्या कानाला सुरुवातीला हे परकं वाटतं. पियानोत मींड नाही. हातोडी तारेवर पडते, स्वर उमटतो आणि विरू लागतो. दोन स्वरांमधली वाट वादकाला दाखवता येत नाही. पण कलमांनी वाजणारं संतूर आपण आपलंसं केलंच ना!

मी घरी मोझार्टची एक ध्वनिफीत लावली होती. आई भाजी निवडत ऐकत होती. मध्येच वाद्यवृंद थांबला आणि पियानो एकटाच बोलू लागला. आई म्हणाली, “अरे, बाकीचे गप्प का झाले? आणि हा समेवर कधी येणार?” तिनं नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. त्या जागेला ‘कॅडेन्झा’ म्हणतात. मोझार्टच्या काळी वादक तिथं उत्स्फूर्त वाजवत असे. शेवटी दोन लगतच्या स्वरांचा लांब कंप घेतला की वाद्यवृंदानं समजायचं, आता आपण यायचं. मी सांगितलं, “ऐक, आता येईल.” कंप आला, सारे एकदम आले आणि आईची मान डोलली. ख्यालावर पोसलेल्या कानाला एवढी खूण पुरते.

बेथोव्हनच्या चौथ्या कन्चेर्टोचा मधला भाग तर तिनं पुन्हा लावायला सांगितला. तंतुवाद्यं करड्या आवाजात दटावतात, पियानो हळुवार विनवतो आणि हळूहळू तो दरारा निवळत जातो. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नाच्या कडाक्याच्या थंडीत, सुमारे चार तास चाललेल्या मैफलीत बेथोव्हननं स्वतः तो वाजवला. श्रवणशक्ती ओसरत चालली होती. त्यानंतर वाद्यवृंदासह एकल वादक म्हणून तो जाहीरपणे कधी बसला नाही.

संगीत चार भिंतींबाहेर काढण्याचं काम आपल्याकडेही झालं. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं दरबारातून जनतेत आणलं. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला आश्रम करून राहिले. त्यांचे पुत्र दत्तात्रेय १९२१ मध्ये याच गावी जन्मले. म्हणजे हा वारसा आपल्या दाराशीच आहे.

आज आमच्या गल्लीतली कितीतरी मुलं की-बोर्डच्या क्लासला जातात. बोटं सुरेख चालतात. पण साठ-सत्तर वादकांचा श्वास एकाच वेळी थांबतो आणि सुटतो, हे त्यांनी कधी अनुभवलेलं नसतं. ते ऐकायचं तर मुंबई गाठायला हवी. तिथं नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता १९३५ मध्ये. पुढच्याच वर्षी जन्मलेला त्यांचा मुलगा झुबिन जगभर गाजला. २०१५ मध्ये या नव्या वाद्यवृंदासमोर झाकीर हुसेन यांनी तबल्यासाठी लिहिलेला ‘पेशकार’ हा कन्चेर्टो वाजला. म्हणजे हा प्रकार आता केवळ पाहुणा उरलेला नाही.

नाशिकला वाद्यवृंद आणणं खर्चाचं काम आहे. ते होईल तेव्हा होवो. तोवर सुटीतल्या एका संध्याकाळी शेजारच्या चार घरांनी एकत्र बसावं, चांगल्या स्पीकरवर एक संपूर्ण कन्चेर्टो लावावा. अर्धा-पाऊण तासाचाच प्रश्न आहे. फोन बाजूला ठेवावेत आणि मुलांना एवढंच सांगावं: पियानो एकटा पडला की कान द्या, बाकीचे कधी येतात ते ओळखा. ज्याला ते आधी ओळखता येईल, त्याला पहिला आंबा!