संगणकाची नोंदवही वाचावी कशी?

शिडाच्या जहाजांच्या काळीं समुद्रावर वेग मोजण्याचें साधन अगदीं साधें असे. लांकडाचा एक तुकडा लांब दोरीस बांधून तो जहाजाच्या पिछाडीस पाण्यांत टाकीत. दोरीला ठराविक अंतरावर गांठी मारलेल्या असत. जहाज पुढें जाई तसतशी दोरी सुटत जाई, आणि घटिकायंत्रांतील वाळू सरेपर्यंत किती गांठी हातांतून गेल्या हें मोजून वेग ठरवीत. त्या लांकडास इंग्रजींत 'लॉग' म्हणत. म्हणून वेग, दिशा, वारा इत्यादि गोष्टी जींत टिपून ठेवीत त्या वहीस 'लॉग-बुक' हें नांव पडलें. आज संगणकाचे प्रोग्राम आपल्या कामाची जी नोंद करीत जातात, तिलाही 'लॉग' असेंच म्हणतात. जहाज संकटांत सांपडलें म्हणजे कप्तान जशी वही उघडून पाही, तशीच संगणकाचें काम अडलें असतां ही नोंद पाहावयाची असते. परंतु बहुतेक लोक ती न वाचतांच खिडकी बंद करून मोकळे होतात. म्हणून चित्रें व ध्वनि वाजविणाऱ्या एका प्रोग्रामाचें उदाहरण घेऊन ही नोंद कशी निर्माण होते, ती आवरावी कशी व वाचल्यानें पदरांत काय पडतें, हें या लेखांत आम्ही सांगणार आहों.

आमच्या उदाहरणांतील प्रोग्रामाचें नांव 'एमपीव्ही'. अर्पाद गेरेओफी या हंगेरींतील गृहस्थांनीं २००० सालीं 'एमप्लेयर' नांवाचा प्रोग्राम रचण्यास आरंभ केला. त्याच्याच वंशांत २०१२ सालीं एमपीव्हीचा उगम झाला. दोन्ही विनामूल्य असून त्यांची अंतर्गत रचना कोणासही पाहावयास मोकळी आहे. लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर एमपीव्ही चालतो. त्यांत बटणांचा पसारा थोडा. टर्मिनल नांवाची जी अक्षरांची खिडकी असते, तींत प्रोग्रामाचें व फाईलीचें नांव लिहावें कीं चित्र सुरू होतें. याच खिडकीला कन्सोल असेंही म्हणतात. आज्ञा तेथें लिहावयाची आणि उत्तरही तेथेंच वाचावयाचें.

फाईल नीट चालत असली म्हणजे कन्सोलवर थोड्याच ओळी उमटतात. प्रथम फाईलींत चित्राचे व ध्वनीचे कोणते प्रवाह आहेत हें येतें. 'एओ' या अक्षरांनीं आरंभ होणारी ओळ ध्वनि कसा बाहेर पाठविला जात आहे तें सांगते. उदाहरणार्थ, सेकंदास ४८००० नमुने व दोन वाहिन्या. 'व्हीओ' ही ओळ चित्राचें माप सांगते. जसें, रुंदी १९२० ठिपके व उंची १०८० ठिपके. या ओळी एकदां लिहिल्या कीं तशाच राहतात. त्यांच्या खालची एक ओळ मात्र सारखी बदलत असते. किती वेळ झाला, एकूण किती, ध्वनि व चित्र यांच्यांत किती सेकंदांचें अंतर पडलें, आणि संगणकाची शक्ति अपुरी पडून कांहीं चित्रें गाळावीं लागलीं असल्यास तीं किती, हें सर्व तींत असतें. ही ओळ दर वेळीं नव्यानें खालीं लिहिली तर पडदा क्षणांत भरून जाईल. म्हणून प्रोग्राम 'ओळीच्या आरंभीं परत जा' अशी खूण पाठवून तीच ओळ पुन्हां लिहितो. ही खूण टंकलेखनयंत्राचा वारसा होय. तेथें ओळ संपली कीं कागदाचा रूळ हातानें पुन्हां आरंभास लोटावा लागे.

आतां प्रश्न असा कीं, कोणता संदेश दाखवावा व कोणता लपवावा? आमच्या शाळेचेंच उदाहरण घ्या. वर्गांतील खडू संपल्याची बातमी वर्गनायकापाशीं थांबते. छप्पर गळूं लागलें तर ती हेडमास्तरांपर्यंत जाते. आग लागली तर घंटाच वाजते. संगणकाच्या संदेशांचीही अशीच प्रतवारी असते. एमपीव्हीमध्यें सर्वांत गंभीर तो 'फेटल', म्हणजे ज्यापुढें प्रोग्राम चालूंच शकत नाहीं असा. त्याखालीं 'एरर' म्हणजे चूक, 'वॉर्न' म्हणजे इशारा, 'इन्फो' म्हणजे माहिती आणि 'स्टेटस' म्हणजे वर सांगितलेली बदलती ओळ. आपण कांहीं वेगळें सांगितलें नाहीं तर येथपर्यंतचे संदेश दिसतात. त्याहून खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे सविस्तर, डीबग व ट्रेस, मागितल्यावांचून येत नाहींत. ट्रेस मागितल्यास तर ओळींचा पूर लोटतो. प्रतवारीची ही कल्पना एमपीव्हीहून जुनी आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत एरिक ऑलमन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत टपालाच्या प्रोग्रामासाठीं 'सिसलॉग' ही नोंदपद्धति रचली. तिच्यांत गांभीर्याच्या ८ पायऱ्या आहेत.

प्रतवारीशिवाय दुसरी एक सोय आहे. प्रत्येक संदेश प्रोग्रामाच्या कोणत्या विभागाकडून आला हें त्याच्याबरोबर नोंदलेलें असतें. फाईल उलगडणारा विभाग निराळा, ध्वनि बाहेर पाठविणारा निराळा, चित्र काढणारा निराळा. त्यामुळें 'सर्वांनीं इशारे व त्यांहून गंभीर तेंच सांगावें, आणि ध्वनीच्या अमक्या विभागानें केवळ चुका सांगाव्या,' अशी नेमकी आज्ञा देतां येते. 'क्वाएट' असें सांगितलें तर बदलती ओळ नाहींशी होते. 'रिअली-क्वाएट' म्हटलें तर प्रोग्राम जवळजवळ मौन धरतो. मौन सुखाचें खरें. पण तें कोणत्या वेळीं धरावयास लावावें, याचा विचार आज्ञा देणाऱ्यानें करावयाचा असतो.

हे सर्व संदेश तीन प्रकारच्या संगणकांवर सारखे उमटविणें हें मात्र दिसतें तितकें सोपें नाहीं. लिनक्स व मॅक यांवर प्रत्येक प्रोग्रामास बाहेर बोलण्याचे दोन मार्ग असतात. एक मुख्य मालासाठीं व दुसरा तक्रारींसाठीं. एमपीव्ही ज्याच्या साहाय्यानें फाईली उलगडतो त्या 'एफएफएमपेग' संचांतील त्याच नांवाचा प्रोग्राम आपल्या सगळ्या नोंदी दुसऱ्या मार्गानें पाठवितो. पहिल्या मार्गानें ध्वनि वा चित्र दुसऱ्या प्रोग्रामाकडे वाहत असतां त्यांत एक जरी वाक्य मिसळलें तर माल नासेल; दुधाच्या घागरींत हिशेबाची चिठ्ठी टाकण्यासारखेंच तें. विंडोजवर अडचण निराळी. तेथें कन्सोलचे प्रोग्राम व खिडकीचे प्रोग्राम अशा दोन जाति आहेत, आणि खिडकीच्या जातीचा प्रोग्राम कन्सोलमधून सुरू केला तर त्याचे बोल कन्सोलपर्यंत पोंचत नाहींत. म्हणून विंडोजसाठीं एमपीव्हीच्या दोन फाईली देतात. मुख्य 'ईएक्सई' व तिच्या सोबतीची लहान 'कॉम'. कन्सोलमध्यें नुसतें नांव लिहिलें कीं विंडोजला आधीं 'कॉम' सांपडते. ती मुख्य प्रोग्राम सुरू करते व त्याचे शब्द कन्सोलवर आणून पोंचविते.

अक्षरांचीही अशीच कथा. लिनक्सवर नांवें बहुधा 'यूटीएफ-८' या सांकेतिक पद्धतीनें लिहिलेलीं असतात, तर विंडोजच्या पोटांत 'यूटीएफ-१६' चालते. एका पद्धतींतून दुसरींत नीट भाषांतर न झाल्यास 'शुभविवाह' असें देवनागरी नांव दिलेल्या फाईलीच्या जागीं कन्सोलवर प्रश्नचिन्हांची रांग किंवा अर्थहीन अक्षरें दिसतात. आपल्या मराठी घरांस ही गोष्ट परकी नाहीं. अशा वेळीं फाईल बिघडली असें समजूं नये. बहुधा केवळ तिचें नांव वाचतां आलेलें नसतें.

संदेश फार झाले तर त्यांचाही उपद्रव होतो. सेकंदास २५ चित्रें असलीं म्हणजे प्रत्येक चित्रास अवघे ४० सहस्रांश सेकंद मिळतात. फाईलींत दोष असून दर चित्रामागें एक तक्रार निघूं लागली, तर तासाभरांत ९०,००० ओळी होतात. त्या लिहिण्यांतच वेळ जाऊं लागला तर चित्र अडखळूं लागेल, आणि खरी महत्त्वाची ओळ त्या गर्दींत बुडून जाईल ती वेगळीच. एफएफएमपेग यास्तव तीच ओळ पुन्हां पुन्हां न लिहितां 'मागील संदेश इतक्या वेळां आला' एवढेंच लिहितो. शिवाय प्रोग्रामाचे अनेक विभाग एकाच वेळीं काम करीत असतात. दोघे एकदम बोलूं लागून वाक्यांची सरमिसळ होऊं नये म्हणून एका वेळीं एकासच लिहूं देतात.

आतां या सर्वांचें फळ पाहूं. समजा, एखाद्या घरीं आजोबांच्या पंचाहत्तरीचा समारंभ मोबाइलवर टिपीत असतां मध्येंच बॅटरी संपली. पुढें ती फाईल उघडतां प्रोग्राम म्हणतो, 'फाईलीचा प्रकार ओळखतां आला नाहीं.' घरचे लोक निराश होऊन ती पुसून टाकावयास निघतात. परंतु ही शेवटची ओळ परिणाम सांगते, कारण सांगत नाहीं. तिच्या वरच्या ओळींत फाईल उलगडणाऱ्या विभागानें लिहिलेलें असतें, 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड'. 'मूव्ह' ही त्या फाईलीची अनुक्रमणिका होय. कोणतें चित्र कोठें आहे हें टिपण संपल्यावरच पूर्ण कळतें, म्हणून कॅमेरा ती सामान्यतः शेवटीं लिहितो. बॅटरी आधींच गेल्यामुळें ती लिहावयाची राहिली. पुस्तकाची अनुक्रमणिका नाहीं म्हणून पानें नाहींत असें होत नाहीं. फाईलीचा आकार शून्य नसून चांगला मोठा असेल, तर आजोबांचें बोलणें तींत असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्याच मोबाइलनें घेतलेली दुसरी धड फाईल नमुन्यास ठेवून अनुक्रमणिका नव्यानें रचणारे प्रोग्राम आहेत. ते सर्वस्वीं नाहीं तरी अंशतः यशस्वी होतात. तोंपर्यंत मूळ फाईल पुसूं नये व त्या कार्डावर नवें कांहीं टिपूं नये. उलट संदेश 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असा असेल तर फाईलींत दोष नसून सांगितलेलें नांव चुकलें आहे; नांवाच्या मध्यें मोकळी जागा असून तें अवतरणचिन्हांत घातलें नाहीं म्हणजे असें हमखास होतें. 'परमिशन डिनाइड' म्हणजे फाईल आहे, पण ती उघडण्याची परवानगी आपणांस नाहीं. तिन्ही वेळां चित्र दिसत नाहीं. परंतु तिन्हींचे उपाय निरनिराळे.

कन्सोलची खिडकी मिटली कीं तेथील ओळी जातात. त्या हव्या असल्यास 'लॉग-फाइल' ही आज्ञा देऊन एमपीव्हीला त्या स्वतंत्र फाईलींत लिहावयास सांगावें. तेथें तो पडद्यावर दिसतें त्याहून पुष्कळ अधिक लिहितो. मात्र त्याच नांवाची जुनी नोंद असली तर ती पुसली जाते हें ध्यानांत ठेवावें. ही फाईल मदतीसाठीं दुसऱ्याकडे धाडण्यापूर्वीं पालकांनीं व मुलांनीं ती एकवार नजरेखालून घालावी. तींत संगणकावरील आपलें नांव, फाईलींचे पत्ते व उघडलेले दुवेही आलेले असतात. शेवटीं, प्रोग्राम बंद होतांना एक आंकडाही मागें ठेवतो. एमपीव्हीचा ० म्हणजे सर्व ठीक, १ म्हणजे आरंभच होऊं शकला नाहीं, २ म्हणजे दिलेली फाईल वाजली नाहीं, आणि ३ म्हणजे कांहीं वाजल्या व कांहीं वाजल्या नाहींत. मौन धारण करावयास लावलेल्या प्रोग्रामापासूनही एवढें उत्तर मिळतेंच.

विद्यार्थी मित्रहो, संदेश दिसतांच तीन गोष्टी पाहाव्या: तो किती गंभीर आहे, कोणत्या विभागानें दिला, आणि सर्वांत पहिली तक्रार कोणती. शेवटच्या ओळीवर रागावून काम सोडण्यापेक्षां वर चढून पहिल्या ओळीपर्यंत जावें. तेथें इंग्रजी शब्द अडला तर कोश उघडावा किंवा शिक्षकांस विचारावें. आणि ती ओळ आपल्या शब्दांत न सांगतां जशीच्या तशी उतरून घ्यावी, म्हणजे मदत करणाऱ्यास कारण हुडकणें सोपें जातें. पुसलेली फाईल बहुधा परत येत नाहीं. वाचण्यास मात्र दोनच मिनिटें लागतात.