घाट उतरून शिडावर

पिंपरी-चिंचवडच्या माणसाची मुंबई ठरलेली असते: द्रुतगती मार्ग, खालापूरचा टोलनाका, वाशीचा पूल, आणि मग कोंडी. दोनशे वर्षांपूर्वी याच वाटेचा शेवटचा टप्पा पाण्यावरचा होता. मारिया ग्रॅहॅम ही इंग्रज प्रवासी १८०९ च्या अखेरीस मुंबईहून पुण्याकडे निघाली ती बोटीने. पनवेलला उतरली, पुढे पालखी, बोरघाट, कार्ल्याची लेणी आणि पवनाकाठचं चिंचवड. मोरया गोसावींच्या गादीवर तेव्हा एक लहान मुलगा होता. त्याच्या भेटीचं वर्णन तिच्या १८१२ साली छापलेल्या रोजनिशीत आहे. तिच्याही आधी एडवर्ड मूर हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी चिंचवडला येऊन गेला होता आणि त्याने या देवसंस्थानावर 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये लेख लिहिला होता. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला चिंचवड पहिल्यांदा कळलं ते अशा लोकांमुळे. कारखाने फार नंतरचे.

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्याला घाट उतरला की पनवेलच्या धक्क्यावर थांबावं लागे, कारण खाडी उथळ आणि ओहोटीला चिखल उघडा पडणारी. पाणी चढलं की बोट तरंगायची, आणि पाणी फिरलं की त्या ओढीने बाहेर पडायची. बेलापूरचा किल्ला मागे टाकून, घारापुरीचे डोंगर डावीकडे ठेवून मुंबईचा कोट गाठायचा. वारा आणि भरती जुळली तर काही तासांचं काम, नाही तर रात्र पाण्यावर. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला तरी पनवेलची बोट चालूच राहिली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रूळ पडले, १८६३ मध्ये रेल्वे घाटही चढली, आणि पुणेकरांचं बोटीशी काम संपलं. त्याच खाडीच्या काठी आता विमानतळ झाला आहे. पुन्हा एकदा पनवेलला जाऊनच पुढचा प्रवास, एवढाच काय तो योगायोग.

माणसं समुद्रावरून उठली, माल मात्र उठला नाही. चाकण, भोसरी, तळेगावचे सुटे भाग कंटेनरात बसून न्हावाशेव्याला जातात. ते बंदर १९८९ चं. चाकणला फोक्सवागनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. तिथल्या परदेशी जाणाऱ्या गाड्या मुंबई बंदराच्या गोदीत चालवत नेऊन जहाजाच्या पोटात लावल्या जात. तयार गाड्या वाहून नेणारं हे जहाज खिडक्या नसलेल्या सातमजली इमारतीसारखं दिसतं आणि देखणं मुळीच नसतं. आपल्या पट्ट्यातला माल इतका समुद्र पाहतो, आणि तो बनवणारा माणूस गेटवेवर घारापुरीच्या लाँचच्या रांगेत उभा राहून परत येतो.

लाँचमधून बंदर दिसतं, पण कळत नाही असं माझं मत आहे. इंजिनाला वाऱ्याची दिशा, पाण्याची ओढ, कशाचीच पर्वा नसते. लाँच सरळ रेघ मारते. शिडाच्या बोटीला मात्र दर दहा मिनिटांनी बंदराशी बोलावं लागतं, आणि मग हे शहर इथेच का वसलं हे आपोआप उलगडतं. नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी समुद्र मुंबई बेटाच्या पश्चिम अंगावर आदळतो. पूर्वेचं पाणी त्या आडोशाने शांत राहतं. म्हणून कोट, गोद्या, बाजार, सगळं पूर्वेला. मरीन ड्राइव्ह हे गेल्या शतकात भराव घालून केलेलं अंगण आहे. मुंबईचं मूळ तोंड पूर्वेला, म्हणजे सह्याद्रीकडे, आपल्याकडे आहे.

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात शिडाचा विचारही नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारीसुद्धा बंद असते. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, हलका आणि थंड. दुपारी तो पडतो, आणि मग वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. मांडव्याहून गेटवे सरळ रेषेत साधारण १४ किलोमीटर, वायव्येच्या अंगाला. म्हणजे दुपारी निघालात तर वारा थेट तोंडावर. वाऱ्याच्या तोंडात कुठलंच शीड चालत नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे तिरपं जात, नागमोडी वळणं घेत पुढे सरकावं लागतं, आणि १४ किलोमीटरचे वीस सहज होतात. पहाटे तोच प्रवास कुशीवरच्या वाऱ्यावर दोन-अडीच तासांत होतो. बोट कलते, नव्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पण शिडाच्या मोठ्या बोटीच्या तळाला जड बुडखा असतो, तो तिला उलटू देत नाही.

राहिलं पाणी. भरतीची वेळ काढायचं कोकणातलं जुनं गणित म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, अमावास्येला सव्वाअकरा. ढोबळ आहे, पण मुंबई बंदराला बऱ्यापैकी लागू पडतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला पाणी तळाला आणि अकरा-बारापर्यंत चढतं. पहाटेचा मतलई वारा आणि आत ओढणारी भरती एकाच वेळी मिळते. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा चढउतार चार मीटरच्याही वर जातो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, त्याला फारशी ओढ नसते. मांडव्याच्या तांडेलाला हे पाठ असतं. आपण बंदराचं छापील कोष्टक पाहावं.

खऱ्या अर्थाने बंदरात शिरायचं तर मांडव्याहून नव्हे, दक्षिणेकडून, खुल्या समुद्रातून यावं. मग पहिली भेट खांदेरीची. थळच्या किनाऱ्यासमोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधायला घेतला, मायनाक भंडारी यांच्या हाताखाली. मुंबईकर इंग्रज हादरले, कारण खांदेरीवर तोफा म्हणजे त्यांच्या दारात पहारा. त्यांनी जहाजं पाठवली. त्या ऑक्टोबरात दौलतखानाच्या मराठी आरमाराने इंग्रजांचं 'डव्ह' हे गुराब पकडलं. 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाने मात्र उलट मारा करून स्वतःची सुटका केली. पण लढाईपेक्षा नंतरचे महिने मला जास्त महत्त्वाचे वाटतात. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजं जागच्या जागी खिळायची, आणि मराठ्यांची उथळ तळाची होडकी वल्ही मारत रात्रीतून बेटावर दगड, दाणागोटा, माणसं पोचवायची. त्या पाण्याचा तळ, ओढ आणि वारा पडण्याची वेळ कुणाला जास्त कळते, यावर सगळं ठरलं. इंग्रजांनी अखेर १६८० च्या आरंभी नाद सोडला. शेजारचं उंदेरी त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावलं, आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत राहिली. खांदेरीवर १८६७ पासून दीपस्तंभ आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थळांमध्ये लोहगड आहे आणि खांदेरीही आहे. लोहगडावर आपल्याकडची गर्दी दर रविवारी असते. खांदेरीला कोण जातं?

पुढे डावीकडे कुलाब्याच्या टोकाचा प्रॉन्ग्ज दीपस्तंभ, १८७५ चा, सुमारे चाळीस मीटर उंच. ओहोटीला त्याच्या पायाचे खडक उघडे पडतात. खडक बुडालेले असतानाच ते जास्त घातक, म्हणून वळण मोठं घ्यायचं. तो ओलांडला की पाण्याचा रंग आणि लाटेची चाल दोन्ही बदलतात. बेटाचा आडोसा इथे अंगाला कळतो. मग ससून डॉक येतो, १८७५ चाच, अल्बर्ट ससूनने बांधलेला. तो डोळ्यांच्या आधी नाकाला समजतो. त्यापुढे ताज, १९०३ चं, आणि गेटवे. वास्तुकार जॉर्ज विटेट, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४. ही कमान समुद्रातून येणाऱ्यासाठी उभारली आहे. जमिनीकडून आपण तिची पाठ पाहतो आणि तिच्यासमोर फोटो काढतो. शेजारचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, आणि त्यापलीकडे नौदलाची गोदी. तिकडे वळायचं नाही, कॅमेराही नाही.

त्या गोदीबद्दल मात्र सांगायला हवं. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ साली इथे आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या मलबारी सागवानाची जहाजं बांधली. सागाला ओकसारखी लवकर कुज लागत नाही, हे ब्रिटिश आरमाराला पटायला वेळ लागला, पण पटलं. १८१७ साली इथे बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. १८४२ चा नानकिंगचा तह झाला तो 'कॉर्नवॉलिस'वर, तीही मुंबईचीच. निर्यातीचा विचार करताना आपल्याला इंजिनं आणि गिअरबॉक्स आठवतात. या गोदीतून अख्खी जहाजं निर्यात होत होती.

आणि आपल्या पट्ट्याचं या बंदराशी एक नातं अगदी अलीकडचं आहे. दापोडीला लष्कराचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे, शेजारी खडकीला बॉम्बे सॅपर्स. नाशिक फाट्यावरून रोज जाणाऱ्यांना फक्त भिंत आणि पाटी दिसते. याच इंजिनिअर कोअरच्या अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' ही ३७ फुटी शिडाची बोट २८ सप्टेंबर १९८५ ला इंग्लंडातून बाहेर काढली आणि जगाला वळसा घालून १० जानेवारी १९८७ ला मुंबई बंदरात आणली. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल के. एस. राव यांचं. शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला भारतीय चमू. पूल बांधणारे आणि सुरुंग लावणारे लोक समुद्रात काय करत होते, असा प्रश्न पडतो. दापोडीच्या आवारात वल्हवण्याचं केंद्रही आहे, तेव्हा पाण्याशी त्यांचं वाकडं कधीच नव्हतं. पुढे नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने प्रदक्षिणा केली, निघाले आणि परतले मुंबईलाच. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता याच बंदरात परतले. ११ सप्टेंबर २०२५ ला तिन्ही दलांच्या दहा महिला अधिकारी 'त्रिवेणी'तून गेटवेवरून निघाल्या, नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांचं.

आपल्याला एवढं काही करायचं नाही. गेटवेसमोर नांगरलेल्या शिडाच्या लहान बोटी तांडेलासकट भाड्याने मिळतात, शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. चार-पाच जण मिळून गेलात तर परवडतं. होडीने बोटीपर्यंत नेतात, तेवढाच अवघड भाग, चप्पल सांभाळा. जीवरक्षक जाकीट घालायला लाजू नका. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची वेगवान बोट धडकली, तेव्हा हे बंदर किती गजबजलेलं आहे ते सगळ्यांनी पाहिलं. ओळखपत्र जवळ ठेवा. नोव्हेंबर २००८ मध्ये हल्लेखोर याच शहरात पाण्यावरून आले, तेव्हापासून विचारपूस होते आणि ती व्हायलाच हवी.

समुद्राचा नियम असा की इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यावी. पहिल्यांदा सुकाणू हातात आलेला माणूस हे ऐकून खुशीत येतो. पण खोदलेल्या अरुंद जलमार्गात नियम उलटा: जे जहाज तळाच्या खोलीमुळे बाजूला सरू शकत नाही, त्याच्या आड लहान बोटीने यायचं नाही. तेव्हा गोदीकडून ते खिडक्या नसलेलं भलंमोठं जहाज येताना दिसलं, की त्याच्या पोटात चाकणच्या गाड्या असल्या तरी शीड फिरवून वाट आपणच द्यायची.