दार उघडायचं तर आधी कापायचं

१:२४ प्रमाणातल्या किटमध्ये गाडीची बॉडी बहुधा एकसंध पॉलिस्टायरिनची असते. दारं आणि बॉनेट म्हणजे तिच्यावरच्या नुसत्या खाचा. त्या खाचेतून टोकदार पातं उलटं धरून, म्हणजे धार वर ठेवून, हलक्या हातानं ओढायचं. दर खेपेला प्लास्टिकची बारीक कुरळी सालपट निघते. पंचवीस-तीस खेपा लागल्या तरी चालतील, पण जोर लावायचा नाही! जोर लावला की पातं घसरतं आणि बॉनेटवर कायमचा ओरखडा उमटतो.

कोपऱ्यावर आधी अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडलं, तर चीर पुढं पळत नाही. सरळ रेषेसाठी पातळ पात्याची छोटी करवत उत्तम.

व्हेंटचं काम अधिक नाजूक. १९८७च्या फेरारी एफ४०वर नाका (NACA) डक्ट आहेत, म्हणजे अमेरिकेच्या वैमानिकी संशोधन समितीनं विकसित केलेली, आत रुंद होत जाणारी हवेची वाट. मॉडेलमध्ये असे व्हेंट अनेकदा बंदच असतात. तिथं हातड्रिलनं भोकांची रांग पाडायची, मधले पूल कापायचे आणि बारीक कानशीनं कड आकारात आणायची.

खरी मेख पुढं आहे. १:२४ मध्ये १ मिलिमीटर जाडी म्हणजे खऱ्या गाडीत २४ मिलिमीटर, आणि खरा पत्रा तर जेमतेम मिलिमीटरभर! म्हणून कापलेली कड आतल्या बाजूनं तासून कागदासारखी पातळ करायची. बाहेरून दिसते ती फक्त कड, आणि तीच पातळ दिसली की व्हेंट खरा वाटू लागतो.