शरदातील मध : काढावा किती, ठेवावा किती

काश्मीर खोऱ्याच्या डोंगरउतारांवर उन्हाळा सरता सरता ‘सोलाई’ नावाचे झुडूप फुलू लागते. तुळशीच्या कुळातील या झुडपाची फुले लहान असली, तरी त्यांत मकरंद विपुल असतो. हा मधाचा वर्षातील शेवटचा हंगाम. तो संपला की थंडी येते आणि फुलांचा दुष्काळ पडतो. म्हणून हा मध पालकाच्या दृष्टीने पीक, तर माश्यांच्या दृष्टीने हिवाळ्याची बेगमी होय.

आपण जिला सातेरी म्हणतो, त्याच जातीची माशी तेथे पूर्वापार पाळली जाते. थंडीत माश्या झोपी जात नाहीत. एकमेकींना बिलगून त्या पोळ्यावर गोळा करून राहतात व स्नायूंच्या हालचालीने ऊब निर्माण करतात. या उबेचे इंधन मध हेच. २१ डिसेंबरपासून ४० दिवस तेथे ‘चिल्लई कलान’ ही कडाक्याची थंडी असते. त्या काळात साठा संपला, तर संपूर्ण वसाहत मरते. आणि वसंतात फळबागांचे परागण करण्यास त्या माश्या उरत नाहीत.

मग मध कोणता काढावा? पेटीच्या खालच्या भागात पिल्ले वाढतात. तेथील मधाला हात लावू नये. वरच्या मधकोठीतील ज्या चौकटींची किमान तीन चतुर्थांश घरे मेणाने झाकलेली असतील, त्यांतीलच मध घ्यावा. मेणाचे झाकण ही मध पक्व झाल्याची खूण होय. पक्व मधात पाणी सुमारे शेकडा २० किंवा त्याहून कमी असते. कच्च्या मधात ते अधिक असल्याने तो आंबतो.

साठा अपुरा वाटल्यास साखरेचा पाक द्यावा; मात्र मधकोठी उतरवून घेतल्यानंतरच. हंगाम चालू असताना पाक दिला, तर माश्या तो मधाच्या घरांत भरतात आणि ग्राहकाच्या हाती भेसळीचा माल जातो. शरदात वजनाने दोन भाग साखर व एक भाग पाणी असा दाट पाक करावा. पातळ पाकातील पाणी उडविण्यात माश्यांची शक्ती व्यर्थ खर्च होते. साखर पांढरी व शुद्ध असावी. गुळातील न पचणाऱ्या द्रव्यांमुळे थंडीत कोंडलेल्या माश्यांना हगवण लागते.

पाक संध्याकाळी, पेटीच्या आतच ठेवावा आणि प्रवेशद्वार अरुंद करावे. अन्यथा त्याच्या वासाने परक्या वसाहतींच्या माश्या येऊन लूटमार करतात. हे काम कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी संपविले पाहिजे, कारण गारठलेल्या माश्या पाक उचलीत नाहीत.

पाकाने भूक भागते. परंतु मधाचे सर्व गुण त्यात नसतात. यास्तव प्रथम माश्यांचा वाटा राखावा आणि उरेल तेवढाच आपला मानावा, हाच या व्यवसायातील शहाणपणाचा हिशेब होय.