अश्लीलतेचे नियमन आणि कायद्याच्या मर्यादा : महाराष्ट्रातील काही खटल्यांच्या आधारे

प्रस्तावना

अश्लील साहित्य व चित्रण यांचा समाजावर अनिष्ट परिणाम होतो, म्हणून कायद्याने त्यांचा बंदोबस्त करावा, ही मागणी जुनीच आहे. बदलले आहे ते प्रसाराचे साधन. पूर्वी जे शहरातील एखाद्या दुकानात लपूनछपून मिळत असे, ते आज दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावीही मोबाईलवर क्षणात उपलब्ध होते. अशा स्थितीत कायदा नेमके काय साध्य करू शकतो आणि काय करू शकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची कसोटी

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २९२ नुसार अश्लील पुस्तके व चित्रे यांची विक्री, वितरण आणि जाहीर प्रदर्शन हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली असून त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकुराचाही स्पष्ट समावेश आहे. मात्र 'अश्लील' कशाला म्हणावे, हा प्रश्न दीर्घकाळ इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन खटल्यातील कसोटीने सोडविला गेला. ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे काय, अशी ती कसोटी होय. तिच्या केंद्रस्थानी वाचकाचे मन आहे. ज्या व्यक्तीचे चित्रण झाले, तिला तेथे स्थान नाही. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. संततिनियमन व लैंगिक आरोग्य यांविषयीच्या लेखनामुळे त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे आक्षेपार्ह ठरविण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते, तरीही कर्व्यांना दंड झाला.

रणजित उदेशी खटल्यात मुंबईतील पुस्तकविक्रेत्यांवर 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विक्रीस ठेवल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये शिक्षा कायम केली आणि कलम २९२ घटनासंमत असल्याचा निर्वाळा दिला. याउलट 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांना झालेली शिक्षा उच्च न्यायालयाने कायम ठेवली होती, परंतु १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्याच वर्षी कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला व विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनास अपवाद मिळाला. अखेर २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात हिक्लिन कसोटी बाजूस सारून समकालीन समाजमानकाची कसोटी स्वीकारण्यात आली.

या खटल्यांतून एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. कायद्याच्या कक्षेत सहज आले ते नाव-पत्ता छापून लिहिणारे लेखक, ज्ञात प्रकाशक आणि उघड विक्री करणारे दुकानदार. चोरटा व्यापार करणाऱ्याला असे शोधता येत नाही. शिवाय एकाच मजकुराबद्दल दोन न्यायालयांची मते भिन्न असू शकतात, हे काकोडकर प्रकरणाने दाखवून दिले.

महाजालाचे आव्हान

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६७ ने अश्लील मजकुराच्या इलेक्ट्रॉनिक प्रसारणास शिक्षा सांगितली. २००८ च्या दुरुस्तीने लैंगिक कृतीच्या उघड चित्रणासाठी ६७-अ आणि बालकांच्या चित्रणासाठी ६७-ब ही कलमे जोडली. तथापि सामग्री परदेशातील सर्व्हरवर आणि ती टाकणारा निनावी असेल, तर तरतूद असूनही अंमलबजावणी खुंटते. २०१५ मध्ये केंद्र शासनाने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच तो शिथिल केला. एक दार बंद केले की दुसरे उघडते, आणि प्रौढ व्यक्तीने खाजगीत काय पाहावे यावर पहारा ठेवणे हे खाजगीपणाच्या हक्काशी विसंगत ठरते.

कायदा कोठे समर्थ ठरतो?

याचा अर्थ कायदा निरुपयोगी आहे असा नव्हे. जेथे तो नीतीऐवजी हानीचा आणि संमतीचा प्रश्न विचारतो, तेथे त्याची पकड घट्ट होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीने चित्रणास संमती दिली असली, तरी प्रसारास दिलेली नसेल तर तो प्रसार गुन्हा ठरतो. हा भेद मूलगामी आहे. अश्लीलतेच्या कायद्यात पीडितेचे छायाचित्र हीच 'घाण' ठरते आणि तक्रार करण्यास ती कचरते. संमतीच्या कायद्यात मात्र तिचा हक्क केंद्रस्थानी येतो.

बालकांबाबत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या लैंगिक शोषणाची सामग्री कायद्यात सांगितलेल्या हेतूने बाळगणेही पॉक्सो कायद्याखाली दंडनीय असल्याचे स्पष्ट केले. त्याच निकालात लैंगिक शिक्षणाची आवश्यकताही प्रतिपादन केली, हे विशेष होय. ज्या कार्यासाठी कर्व्यांना दंड झाला, त्याच कार्याची निकड नव्वद वर्षांनी न्यायालयाने सांगितली.

समारोप

सारांश, कायदा वासनेचे नियमन करू शकत नाही, परंतु शोषणाचे करू शकतो. महाविद्यालयांच्या दृष्टीने याला व्यावहारिक अर्थ आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार अश्लील चित्रण दाखविणे हा छळाचाच प्रकार आहे, आणि त्याची दाद अंतर्गत तक्रार समितीकडे मागता येते. विद्यार्थिनीची चित्रफीत पसरली असता प्रथम तिच्या वर्तनाची चौकशी करण्याची प्रवृत्ती सोडून प्रसार करणाऱ्याविरुद्ध तक्रार नोंदविणे, पुरावा नष्ट होऊ न देणे आणि वर्गात शरीर व संमती यांविषयी शास्त्रीय भाषेत बोलणे, ही कर्तव्ये प्राध्यापकांनाच पार पाडावी लागतील. शिक्षकाने मौन पाळले, तर विद्यार्थ्याचे लैंगिक शिक्षण त्याच्या हातातील पडदाच करील, आणि त्यावर कोणत्याही कलमाचा उपाय चालणार नाही.