घरातला व्यायामाचा बाक

जोर जमत नाहीत म्हणून व्यायामच सोडून दिलेली माणसं पुष्कळ असतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. जोर काढताना शरीराचं सुमारे दोन-तृतीयांश वजन हातांवर येतं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पहिल्याच दिवशी चाळीस किलो रेटायचे असतात. तेच काम पाठ टेकून, हातांत दोन-दोन किलोचे डंबेल्स घेऊन सुरू करता येतं. पाठ वर-खाली करता येणाऱ्या बाकाचा, दुकानदार ज्याला ॲडजस्टेबल बेंच म्हणतात त्याचा, खरा उपयोग हा आहे. माझ्या मते तो पिळदार दंडाच्या तरुणापेक्षा पन्नाशीतल्या बाईच्या जास्त कामाचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला. चालणं वेगळं. केळशीत किनाऱ्यावर फेरी मारून आलात, छान झालं. पण तेवढ्याने खांदे आणि छाती बळकट होत नाहीत.

बाक सपाट ठेवून डंबेल्स वर रेटले, की संपूर्ण छातीला काम पडतं. पाठ तीस अंशांपर्यंत उचलली, की छातीचा वरचा भाग जास्त राबतो. जवळजवळ उभी केली, की भार खांद्यांवर जातो. आठ ते बारा वेळा उचलता येईल आणि शेवटच्या दोन वेळा जड वाटेल, एवढंच वजन घ्यावं. रेटताना श्वास सोडावा, कोंडून धरू नये; त्याने रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि घरात एकटे असताना आडवं झोपून बारबेल उचलू नये. हात थकले तर दांडा छातीवर किंवा गळ्यावर येतो. डंबेल्स निदान बाजूला सोडता येतात.

बाकावर लिहिलेली क्षमता पुष्कळांना कळत नाही. त्यात आपलं वजनही धरलेलं असतं. पंचाहत्तर किलोचा माणूस चाळीस किलो घेऊन झोपला, की एकशे पंधरा झाले. एकशे वीसचा बाक त्याला अपुराच समजावा.

आता आपल्या किनारपट्टीची गोष्ट. खारा वारा लोखंड खातो, पावसाळ्यात तर जास्तच. त्यात घामही खारट. वरून रंग शाबूत दिसतो, पण नळीच्या आतून, भोकांच्या कडांना आणि पायांच्या रबरी टोप्यांत पाणी साचून गंज धरतो. सगळा भार पेलते ती पाठीमागची खिट्टी. ती गंजून अर्धवट बसली, तर वजन हातात असताना पाठ खाली कोसळते. म्हणून बाक पडवीत न ठेवता आतल्या खोलीत, सपाट जमिनीवर ठेवावा. व्यायामानंतर ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसावा आणि खिट्टीला आठवड्याला तेलाचा हात द्यावा. बसण्यापूर्वी खिट्टी पूर्ण आत गेली आहे ना, हे पाठ हाताने दाबून पाहावं.

जुना बाक स्वस्तात मिळत असेल, तर पायाची टोपी काढून नळीत बॅटरी मारावी. आत पापुद्रे सुटलेले दिसले, तर तो घेऊ नये.