कुणी पाहिलं, कुठे पाहिलं?

मैत्रिणींनो, भिशीच्या, माहेरच्या, मुलांच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसाला किती मेसेज येतात? आणि त्यातला एखादा कुणी, कधी, कुठे पाहून लिहिला, हे आपण विचारतो का?

दर वर्षी २० मार्चला चिमणी दिन आला की आमच्या लालबागच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, ‘मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या!’ सगळ्याजणी हळहळतात आणि मेसेज पुढे ढकलतात. गंमत म्हणजे हाच मोबाइल आणि असेच ग्रुप शास्त्रज्ञांच्या संस्थाही वापरतात. मग त्यांचं आणि आपलं वेगळं काय?

याचं उत्तर आपल्या मुंबईतच आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी राणीच्या बागेतल्या संग्रहालयात आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्या आठांत दोन आपले डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, तर दुसरे डॉ. रुखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. महिन्यातून एकदा भेटायचं, आपण पाहिलेलं दुसऱ्याला सांगायचं, काही वेगळं मिळालं तर आणून दाखवायचं आणि एकमेकांना हुरूप द्यायचा, एवढाच त्यांचा बेत. म्हणजे मोबाइल नसलेला ग्रुपच की!

१८८६ मध्ये संस्थेचं नियतकालिक निघालं. मग दूरदूरचे सभासद पत्रानं लहान लहान नोंदी धाडू लागले. अमुक गावी, अमुक तारखेला, अमुक पक्षी दिसला. खाली नाव. शंका असेल तर जाणकार उलट विचारणार. हाच तो फरक! नाव, गाव, तारीख आणि तपासणारा डोळा.

गिरगावातल्या खेतवाडीत वाढलेला एक मुलगा १९०८ च्या सुमारास अशीच एक शंका घेऊन या संस्थेत गेला. त्यानं मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. संस्थेचे सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिलं नाही. ही पीतकंठी चिमणी, असं सांगून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहच उघडून दाखवला. तो मुलगा म्हणजे पुढचे थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली.

पुढे संस्थेनं पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालायला सुरुवात केली. ज्याला असा पक्षी सापडेल त्यानं संस्थेला कळवायचं. पूर्वी त्यासाठी पत्र लिहावं लागे. आता पायातल्या रंगीत पट्टीवरचा क्रमांक फोटोतही वाचता येतो आणि मोबाइलवरून लगेच कळवता येतो. साधन बदललं, रीत तीच राहिली.

अमेरिकेत २००२ मध्ये ‘ईबर्ड’ सुरू झालं. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी त्यावर तारीख, वेळ आणि जागेसह टाकायची. कुणी भलताच पक्षी लिहिला, तर त्या भागातला जाणकार फोटो किंवा वर्णन मागतो. भारतातल्या अशा एक कोटीहून जास्त नोंदींवरून २०२० मध्ये देशातल्या पक्ष्यांचा अहवाल निघाला. २०२३ च्या दुसऱ्या अहवालात ही मुंबईची संस्थाही सहभागी होती. त्यासाठी तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या.

आणि आपल्या चिमणीचं काय? २०२० चा अहवाल सांगतो की देशभरात मिळून चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे. मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे. टॉवरच्या लहरींमुळे घटली, याचा पुरावा मिळाला नाही. पिल्लांना भरवायला किडे नाहीत, घरट्याला वळचण नाही, ही कारणं जास्त पटण्यासारखी आहेत. यात आपल्या हातात काहीतरी आहे ना! टॉवरला शिव्या देऊन चिमणीला घर थोडंच मिळणार?

या साधनांची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचा फोटो जागेच्या नावासकट टाकला, तर फोटोवाल्यांची झुंबड उडते आणि पिल्लं पळवणाऱ्यालाही पत्ता मिळतो. म्हणून ईबर्डवर अशा पक्ष्यांच्या नेमक्या जागा झाकून ठेवतात. ‘आयनॅचरलिस्ट’वरही धोक्यातल्या जीवांची जागा मुद्दाम अंदाजे दाखवतात. सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. घरातली गोष्ट चारचौघांत किती बोलायची, ते आपण रोज ठरवतोच.

शहरातल्या नोंदी पुष्कळ होतात. लहान गावांतल्या फार कमी. तुमच्या परसातल्या शेवग्यावर कोण येतं, चिमणी कोणत्या महिन्यात काड्या नेते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पण ते वहीत किंवा यादीत उतरलं नाही, तर शास्त्राच्या लेखी तुमचं अंगण रिकामंच!

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते. सलग पंधरा मिनिटं पाहिलं तरी चालतं. कुकरच्या शिट्ट्या होईतो खिडकीशी उभं राहिलं तरी तेवढा वेळ सहज मिळतो. एक जुनी वही घ्या. तारीख, वेळ, गाव, पक्षी, किती, एवढं लिहा. ओळखता आला नाही तर तसंच लिहा, नाव ठोकून देऊ नका. मग लेकीला किंवा सुनेला हाताशी धरून ती यादी मोबाइलवर चढवा.

आणि येत्या मार्चमध्ये तो टॉवरचा मेसेज आला, तर ग्रुपवर एवढंच विचारा, ‘कुणी पाहिलं? कुठे? कधी?’